उंदीरमामाच्या नावावर खपवलेलं विज्ञान

ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर सध्या दूधदातांचा एक मेसेज फिरतोय. 'पूर्वजांचं दंतविज्ञान' असं त्याचं शीर्षक. म्हणणं असं: पडलेला दात उंदराच्या बिळात टाकला की नवा दात उंदरासारखा बळकट येतो. ही प्रथा फक्त भारतातली, टूथ फेअरी, म्हणजे पडलेला दात नेणारी परी, ही पाश्चात्त्यांची कुरघोडी. दात तुळशीत पुरला तर कॅल्शियम झाडाला मिळतं. काहीच जमलं नाही तर फ्रीजरमध्ये ठेवा, त्यातल्या मूळपेशींनी (स्टेम सेल) पुढे कॅन्सरसुद्धा बरा होईल. आणि शेवटी, दूधदात पडणारच असतात, किडले तरी डेंटिस्टवर पैसे घालवू नका.

दात उंदीरमामाला द्यायची प्रथा मला मनापासून आवडते. म्हणूनच तिच्या तोंडी हे असलं काही घातलेलं सहन होत नाही.

आधी उंदराचं बघू. त्याचे पुढचे कुरतडायचे दात जन्मभर वाढतात, एवढं खरं आहे. कुरतडून ते झिजत राहतात, म्हणून मापात राहतात. पण त्याच्या दाढा वाढत नाहीत. आणि उंदराला दूधदात नसतातच! त्याला आयुष्यात दातांचा एकच संच मिळतो. पडलेल्या दाताच्या जागी नवा दात आणणं उंदराला स्वतःलाच जमत नाही, तर तो आपल्या मुलांना काय देणार? मुलाचा नवा दात बळकट की कमकुवत, हे तर फार आधी ठरू लागतं. पुढच्या कायमच्या दातांवर खनिज चढायला बाळ काही महिन्यांचं असतानाच सुरुवात होते, आणि सहाव्या वर्षी दूधदात हलायला लागतो तेव्हा त्याच्याखालच्या कायमच्या दाताचा दिसणारा भाग हिरडीच्या आत तयार होऊन बसलेला असतो. पडलेला दात तळहातावर उलटा करून बघा. मूळ दिसत नाही. कडा खडबडीत, मधे पोकळ खळगा, कधी त्यात लालसर ठिपका. मूळ तुटून आत राहिलं की काय, या धसक्याने कितीतरी आया रडकुंडीला येतात. राहिलेलं नसतं. नवा दात वर सरकतो तसतसं शरीरातल्याच पेशी ते मूळ विरघळवत जातात आणि मग दात सुटतो.

'फक्त भारतातली' हे वाचून तर वाईटच वाटलं, कारण खरी गोष्ट याहून कितीतरी सुंदर आहे. फ्रान्समध्ये आजही मुलांचा दात छोटी उंदरीण नेते. स्पेनमध्ये पेरेझ नावाचा उंदीर नेतो. १८९४ च्या सुमारास आठ वर्षांच्या राजा तेराव्या अल्फोन्सोचा दात पडला, तेव्हा लुईस कोलोमा या पाद्र्याने त्याच्यासाठी पेरेझची गोष्ट लिहिली. जपानमध्ये खालचा दात छपरावर आणि वरचा घराच्या जोत्याखाली टाकतात, म्हणजे नवा दात त्या दिशेने सरळ वाढेल. अरब देशांत मुलं दात सूर्याकडे भिरकावतात. आणि जिच्यावर एवढा राग काढलाय ती टूथ फेअरी? तिचा जुना छापील उल्लेख १९०८ चा, शिकागोच्या वर्तमानपत्रातला. म्हणजे ती बिचारी स्पेनच्या पेरेझहूनही धाकटी. कुरघोडी करणार कोणावर?

चेंदणी कोळीवाड्यात कौलारू घरं होती तेव्हा 'उंदीरमामा, माझा दात घे, तुझा दात दे' म्हणत पोरं दात कौलांवर फेकायची. आता बाविसाव्या मजल्यावर ना कौल, ना बीळ. कोणी कुंडीत पुरतं, कोणी गावी जाईपर्यंत डबीत जपून ठेवतं. खुशाल ठेवा. रक्त बघून घाबरलेल्या पोराला 'मामाला देऊन टाकू' म्हटलं की ते हसतं, आणि याच्यासाठीच ही प्रथा आहे. फक्त पावसाळ्यात मुलांना खऱ्या बिळाजवळ नेऊ नका. लेप्टोचा आजार उंदराच्या मूत्रातून पसरतो.

तुळशीचं थोडक्यात. दात मातीत सहजी विरघळत नाही. उत्खननात हजारो वर्षांपूर्वीचे दात सापडतात ते त्यामुळेच. श्रद्धेने पुरायचा तर जरूर पुरा, पण तो खत नव्हे.

मेसेजखाली एका काकूंनी भर घातली, 'बाळाला वरचे दात आधी आले तर त्याच्या सख्ख्या मामाला जड.' बहुतेक बाळांना खालचे मधले दोन आधी येतात, काहींना वरचे. क्रम थोडाफार बदलतोच. त्यावरून एखाद्या बाळाच्या आईला ऐकवू नका, तिच्या जिवाला घोर लागतो.

आता फ्रीजर. दूधदाताच्या गाभ्यात मूळपेशी असतात, हे २००३ मध्ये संशोधकांनी दाखवलं. तेवढं खरं. पण घरच्या फ्रीजरमध्ये टाकलेल्या दातातल्या पेशी जगत नाहीत. आणि पैसे घेऊन दात 'बँकेत' ठेवू म्हणणाऱ्यांबद्दल सांगायचं तर, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आपल्याकडे फक्त नाळेतल्या रक्ताच्या साठवणुकीला परवानगी आहे, दातांच्या नाही. दूधदातापासून कॅन्सर बरा करणारा कोणताही मान्य उपचार नाही.

शेवटचा दावा मात्र सगळ्यात घातक. पुढचे दूधदात सहा-सातव्या वर्षी पडतात, पण दूधदाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात. किडलेली दाढ चार-पाच वर्षं तशीच सोडायची म्हणजे रात्री-अपरात्री कळा, सूज, पू. पोर एका बाजूने चावतं, जेवण टाकतं. दाढ वेळेआधी काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत कलतात आणि नवा दात वेडावाकडा येतो. खर्च परवडत नाही, ही अडचण खरी आहे. पण नवी मुंबईत नेरूळ, बेलापूर, खारघरला दंत महाविद्यालयं आहेत. अशा महाविद्यालयांत मुलांच्या दातांचा वेगळा विभाग असतो आणि खर्च खाजगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी येतो.

आणखी एक. सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्या दूधदातांच्या मागे एक मोठी दाढ येते. एकही दात न पडता येते, म्हणून घरच्यांना ती दूधदाढच वाटते. ती कायमची असते. तीही 'पडणारच आहे' म्हणून किडू दिली तर तिच्या जागी दुसरी येत नाही. आज मुलाला उजेडात तोंड उघडायला सांगा आणि टोकदार सुळ्याच्या मागच्या दाढा मोजत जा. तिसरी दाढ दिसली तर ती हीच.