गाइडलाइन ऑनलाइन लिहिली म्हणून कच्ची ठरत नाही

डॉक्टरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फॉरवर्ड होतो. त्याचं सार असं: हल्लीच्या गाइडलाइन्स, म्हणजे उपचारांविषयीच्या लेखी शिफारशी, घरबसल्या, झूमवर आणि सामायिक फायलींमध्ये लिहिल्या जातात. त्यात कोणीही काहीही घुसडतं, सल्ला सारखा बदलतो, अनुभवी माणसाला किंमत राहत नाही आणि सगळा घाईचा कारभार असतो. हे वाचून एखादा तरुण डॉक्टर ताजी गाइडलाइन बाजूला सारत असेल, तर ते रुग्णाला भोवतं. म्हणून एकेक मुद्दा तपासू.

‘कोणीही काहीही घुसडतं.’ कोविडच्या औषधांविषयी जागतिक आरोग्य संघटनेची गाइडलाइन सप्टेंबर २०२० पासून मॅजिकअ‍ॅप या ऑनलाइन मंचावर येत गेली. ती वाचायला सगळ्यांना खुली होती, लिहायला नाही. शिफारस ठरवायची ती पॅनेलने. त्यात वेगवेगळ्या देशांतले तज्ज्ञ होते आणि स्वतः कोविडमधून उठलेले रुग्णही. तिथली स्टेरॉइडची शिफारस उघडून पाहा. अत्यवस्थ रुग्णांमध्ये हजारामागे ८७ मृत्यू कमी, सौम्य आजारात मात्र हजारामागे ३९ जास्त, आणि हा दुसरा अंदाज कमी खात्रीचा आहे हेही तिथेच नोंदवलेलं. शिफारशीमागचा हिशेब इतका उघडा ठेवणाऱ्या छापील पुस्तिका फार नाहीत. सौम्य आजारात स्टेरॉइड देऊ नका, हे सप्टेंबर २०२० मध्येच सांगून झालं होतं. तरी दुसऱ्या लाटेत घरी असलेल्या कितीतरी रुग्णांना पहिल्या दोन-तीन दिवसांतच ती सुरू झाली. पुढे म्युकरमायकोसिसने (काळ्या बुरशीच्या आजाराने) महाराष्ट्रात काय केलं ते आपण पाहिलं. मधुमेहाच्या जोडीला स्टेरॉइडचा अतिरेक हे त्याचं एक मोठं कारण होतं.

‘सल्ला सारखा बदलतो.’ बदलायलाच हवा. खरा धोका उशिरा बदलण्यात आहे. कोविडमधून बरे झालेल्यांच्या रक्तातला प्लाझ्मा रुग्णाला देण्याच्या उपचाराचंच पाहा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) प्लॅसिड चाचणीत देशभरातल्या ३९ रुग्णालयांतले ४६४ रुग्ण होते. प्लाझ्मामुळे आजार बळावणं किंवा मृत्यू कमी होत नाहीत, हा निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. राष्ट्रीय सूचनांतून प्लाझ्मा वगळला गेला १७ मे २०२१ रोजी. मधल्या काळात दुसरी लाट येऊन धडकली. प्लाझ्मासाठी रक्तपेढ्यांचे उंबरे झिजवणारे, रात्री-अपरात्री दात्यांना फोन करणारे नातेवाईक आठवतात? आपलाच पुरावा आपल्या हातात होता. तो सूचनांच्या मजकुरात उतरायला सुमारे सात महिने लागले. त्या नातेवाइकांची धावपळ आठवली की ‘बदल नको’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

‘अनुभवी माणसाला किंमत राहत नाही.’ एका टेबलाभोवती बसलं की विभागप्रमुख आधी बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात, हे वैद्यकीय महाविद्यालयात दिवस काढलेल्या कोणालाही सांगायला नको. म्हणून तर १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या रँड संस्थेत डेल्फी पद्धत पुढे आली: तज्ज्ञांनी एकमेकांसमोर न येता प्रश्नावल्यांवर मत द्यायचं, सर्वांची मतं नावं न सांगता परत पाठवायची आणि मग पुन्हा विचारायचं. आजचं ऑनलाइन गुप्त मतदान हे त्याचंच पुढचं रूप. अनुभव त्यात मोजला जातो, फक्त हुद्द्याचा दबाव राहत नाही.

‘घाईचा कारभार.’ एखादा शोधनिबंध पुरावा म्हणून घ्यायचा का, यावर दोघांनी स्वतंत्रपणे निर्णय द्यायचा आणि मतभेद झाला तर तिसऱ्याने सोडवायचा, ही शिस्त ऑनलाइन कामातही तशीच पाळता येते. वाचतो तो प्रवासाचा, छपाईचा आणि पुढच्या बैठकीची वाट पाहण्याचा वेळ. ऑस्ट्रेलियाच्या कोविड टास्कफोर्सने २०२० मध्ये दर आठवड्याला गाइडलाइन अद्ययावत केली, तीही रोज नवा पुरावा धुंडाळत.

मजकुरात न आलेला एक आक्षेप मात्र मला खरा वाटतो. पॅनेलवर मोठ्या शहरांतल्या संस्थांचीच नावं जास्त असतात. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरची ओपीडी भर रंगात असताना बैठक ठेवली, तर लिंक पाठवूनही तो येणार नाही. बैठकीची वेळ त्याला विचारून ठरवा, मसुद्यावर लेखी मत द्यायला त्याला पुरेसे दिवस द्या, आणि जे औषध त्याच्याकडे मिळतच नाही त्याला पर्याय काय, हे शिफारशीतच लिहा.