घरी चालत होता की ओ!

परवा बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत सी भाषेत लिहिलेल्या माझ्या प्रोग्रामनं 437 कास्टिंगं, म्हणजे ओतीव भाग, गिळली. कास्टिंग मोजायचं, सेन्सर गचकला तर लाँगजम्प मारून, म्हणजे प्रोग्रामातच मागं उडी घेऊन, सेटजम्पनं आधी खूण केलेल्या जागी यायचं, पुन्हा मोजायला लागायचं. घरी दहादा उडी मारली, आकडा जागच्या जागी. इथं सेन्सर एकदा शिंकला आणि स्क्रीनवर शून्य.

दिवाणजी स्टुलावरून उठले. चष्मा कपाळावर, कानावर पेन्सिल.

"कास्टिंगं कुठं गेली ओ?"

"कास्टिंगं आहेत. आकडा गेला."

"कुणी नेला?"

"कंपायलरनं."

"बोलवा की मग त्याला."

मी समजावलं. कंपायलर म्हणजे माझा प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणारा. घरी त्याचं ऑप्टिमायझेशन, म्हणजे वेग वाढवायची हुशारी, बंद, त्यामुळं आकडा मेमरीत लिहिला जायचा. इथं वेगासाठी ती ओ-टू लावून चालू केली, तर कंपायलरनं तो रजिस्टरात, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या खिशात, ठेवला. लाँगजम्प रजिस्टरं सेटजम्पच्या वेळी होती तशी करून देतं. त्या वेळी आकडा शून्य होता.

"मग नियमानं किती धरायचा?"

"सीच्या नियमात अनिश्चित म्हणून लिहिलंय."

"अंदाजे?"

"अंदाजे नाही हो. काहीही असू शकतो."

"बिलात 'काहीही' लिहू? जीएसटीवाल्याला चालतंय होय?" पेन्सिल कानावरून खाली आली. "आणि घरी चालत होता म्हणताय?"

"होय."

"मग घरीच ठेवायचा की ओ!"

हमाल खिदळले. माझा चहा अर्धा कप आला.

अनिश्चित या शब्दाचं आम्हाला काय कौतुक! माझा आजा मुंबई राज्यात झोपला आणि 1 नोव्हेंबर 1956 ला म्हैसूर राज्यात उठला. घर तेच, अंथरूण तेच. इतकी लांब उडी सी भाषेतही नाही. अजून खिडकीवर मराठी अर्ज सरकवला की तो न वाचताच परत येतो.

असो. औषध एका शब्दाचं होतं: आकड्याच्या व्हेरिएबलच्या आधी व्होलाटाइल, म्हणजे हा दरवेळी मेमरीतच लिही. सीच्या 1989 च्या स्टँडर्डात तसं स्वच्छ लिहिलंय. माझा कंपायलर जीसीसी, त्याला डब्ल्यू-एक्स्ट्रा, म्हणजे जास्तीचे इशारे, लावलं तर बऱ्याचदा ओरडतोही. मी लावलं नव्हतं, फार कटकट करतो म्हणून. कॉलेजात लाँगजम्प दोन मार्कांना होता, तोही ऑप्शनला टाकलेला.

शेवटी हमालांनी शटरवर खडूनं रेघा मारत मोजणी केली. 439 भरली.

"दोन जास्ती कुठनं आली ओ?"

ती सेन्सरनं शिंकताना खाल्लेली. मी कंपायलरचंच नाव सांगितलं.