ते वाक्य अ‍ॅरिस्टॉटलचं नाहीये

आमच्या फॅमिली ग्रुपवर आज परत तोच फॉरवर्ड आला, पांढऱ्या पुतळ्याचा फोटो आणि खाली 'आपण वारंवार जे करतो तेच आपण असतो, उत्कृष्टता ही कृती नसून सवय आहे – अ‍ॅरिस्टॉटल'. काकांना तिथेच सांगितलं, इथेही लिहितो. हे वाक्य विल ड्युरांट या अमेरिकन लेखकाचं आहे, १९२६ च्या 'द स्टोरी ऑफ फिलॉसॉफी' मधलं. त्यात अ‍ॅरिस्टॉटल समजावून सांगताना त्याने स्वतःच्या शब्दात सार काढलं आणि लोकांनी सारच मूळ धरलं, झालं.

आता अगदीच खोटं आहे का, तर तसंही नाही. 'निकोमाखियन एथिक्स' या आपल्या नीतीवरच्या ग्रंथात अ‍ॅरिस्टॉटल म्हणतोच की घर बांधून बांधून माणूस गवंडी होतो, लायर (एक तंतुवाद्य) वाजवून वादक होतो, तसाच न्यायाने वागून वागून न्यायी होतो. पण नुसती सवय त्याला पुरत नाही, कळून-सवरून, त्या गोष्टीसाठीच आणि स्थिर स्वभावातून केलेलं हवं. म्हणजे पहाटे ५ चा अलार्म लावून स्टेटस टाकणं यात बसतं का ते तुम्हीच बघा 😄

आणि सुखाचं म्हणाल तर तो नशीबही मोजतो. ग्रीक दंतकथेतला ट्रॉयचा राजा प्रायाम, आयुष्यभर सगळं होतं, म्हातारपणी सगळं गेलं, अशाला सुखी कोण म्हणेल असं तो विचारतो. हे मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.