काळ्या रामाच्या गावात बूट पॉलिश

आज संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये दसऱ्याच्या नाटुकल्याची तालीम होती. पंचवटीचा प्रवेश. शूर्पणखा, खर, दूषण, मारीच, सगळी गँग. राक्षस झालेल्या पाच पोरांना रांगेत उभं करून तोंडाला बूट पॉलिश फासणं चालू होतं. चौथ्या पोरापाशी ब्रश थांबला आणि आवाज आला, "तुला काही नको रे, तू रेडीमेडच आहेस." हॉल हसला. पोरगंही हसलं. आठ वर्षांचं आहे, करणार काय दुसरं.

आमच्या नाशिकचं काळारामाचं देऊळ, जिथे रामाची मूर्तीच काळी आहे, त्या हॉलपासून चालत पंधरा मिनिटांवर आहे.

आधी पॉलिशचंच बोलू, कारण उद्या पुन्हा तालीम आहे. बूट पॉलिश म्हणजे मेण, टर्पेंटाइनच्या जातीचा द्रव आणि चामड्यासाठीचा रंग. पोरांच्या कातडीला त्याने आग होते, पुरळ येतं, आणि घाम आला की ते सरळ डोळ्यांत उतरतं. काजळ खोबरेल तेलात कालवून लावणं त्यापेक्षा बरं, पण दिव्याखाली दहा मिनिटांत गळायला लागतं आणि रामाच्या पितांबरावर पाच बोटं उठतात. पाण्यात भिजवायचा केक मेकअप आणा. स्पंज ओला करून घट्ट पिळायचा, एक पातळ हात द्यायचा, सुकला की दुसरा. जाड थापला तर बोलताना ओठांच्या कडेला तडे जातात. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा ठिपका लावून बघायचा. आणि आज ज्यांच्या घरी पोरं रंगून आली आहेत त्यांनी साबणाने घासू नका. खोबरेल तेल लावा, दोन-तीन मिनिटं थांबा, कापसाने पुसा, मगच साबण.

आता मुख्य दुखणं. राक्षस काळाच का?

नाटकाचे लाइट्स करणाऱ्या कुणालाही विचारा, दुष्टपणा रंगात नसतो, कोनात असतो. सूर्य वर, घरातली ट्यूब वर, म्हणून भुवयांची, नाकाची, हनुवटीची सावली खाली पडते आणि ती बघायची डोळ्यांना जन्मापासून सवय आहे. तोच दिवा हनुवटीखाली आणा. सावल्या उलट्या चढतात, नाकाची सावली कपाळाकडे धावते, खालची पापणी चमकते. ओळखीचा चेहरा अनोळखी होतो. सोसायटीतलं सगळ्यात गोरं पोरगं घ्या, खोलीत अंधार करा आणि त्याच्या हनुवटीखाली मोबाइलचा टॉर्च धरा. झाला राक्षस. पॉलिश शून्य ग्रॅम.

दुसरी गोष्ट डोळ्याची. माणूस दिवसाचा प्राणी. बारीक बघायचं काम बुबुळामागच्या पडद्याच्या मध्यभागातल्या पेशी करतात आणि त्यांना भरपूर उजेड लागतो. अंधुक उजेडात काम करणाऱ्या पेशी त्या मध्यबिंदूवर नसतातच, त्या आजूबाजूला. त्यामुळे रात्री एखाद्या झुडपाकडे रोखून पाहिलं की ते विरतं, नजर जरा बाजूला नेली की पुन्हा उभं राहतं. "बघितलं तर नव्हतं, वळलो तर होतं," ही प्रत्येक भुताची गोष्ट इथून निघते. शिवाय उजेडातून अंधारात गेल्यावर डोळा पुरता सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. दोन मिनिटांत घाबरून दिवा लावणाऱ्याने अंधार बघितलेलाच नसतो. तेवढ्यात साप, बिबट्या, चोर काहीही येऊ शकतं, म्हणून भीती. इथवर सगळं रास्त आहे. बिबट्या तर आपल्याकडे खरंच येतो.

पण भीती वाटते म्हणून ती गोष्ट पापी, ही उडी कुणी मारली? आणि तिथून पुढे आठ वर्षांच्या गालापर्यंत?

हो, माहितीये, "तमसो मा ज्योतिर्गमय" आहे. पसायदानातही दुरितांना तिमिर म्हटलंय. पारशी परंपरेतही उजेडाचा देव आणि अंधाराचा वैरी आहे. मान्य. त्या सगळ्यांना अज्ञान किंवा दुष्टावा म्हणायचा होता, कातडी नाही. आपण मात्र काळा पैसा, काळा बाजार, काळी जादू, तोंड काळं करणं असं करत करत शेवटी पोराच्या तोंडापाशी आलो आणि म्हणालो, रेडीमेड.

आणि हे कुठे? ज्या गावात शेतकरी जमिनीला काळी आई म्हणतो. प्राचीन इजिप्तची माणसं नाईलच्या गाळामुळे आपल्या देशाला काळी भूमी म्हणायची, आणि त्यांच्या लेखी लाल भूमी म्हणजे ओसाड वाळवंट. गळ्यातले मणी काळे, संक्रांतीची साडी काळी, लक्ष्मीपूजन अमावस्येला. तुम्हाला सांगायला नकोच.

बरं, जो प्रवेश बसवताय तो तरी नीट वाचा की! पंचवटीत संकट कोणत्या रूपात येतं? सोन्याच्या हरणाच्या. लखलखीत, दिवसाढवळ्या. त्यामागून रावण येतो तो संन्याशाच्या वेशात. फसवणूक सगळी चकाकणारी आणि सोज्वळ. सीता आसऱ्याला होती असं आपण सांगतो ती सीतागुंफा मात्र अंधारी, इतकी अरुंद की बसून, अंग चोरून आत जावं लागतं. आणि राम तर सावळाच. गोरारामाचं देऊळही आहे नाशकात, पण गावाची ओळख कुठल्या रामाने?

एक कबूल करतो, नाइलाजाने. काळ्या देवाला हात जोडून माणसं शहाणी होतात असं नाही. त्याच काळारामाच्या दारात २ मार्च १९३० ला बाबासाहेबांना सत्याग्रह सुरू करावा लागला आणि पुढे कित्येक वर्षं तो चालला. मूर्ती काळ्या पाषाणाची, दार मात्र माणसांना बंद. म्हणजे "आमचा देवच काळा आहे, आम्ही कसला भेद करतो" हे उत्तर मला कुणी कमेंटमध्ये देऊ नका.

चिडून बरंच लिहिलं. ज्यांनी ब्रश धरला होता त्या वहिनी वाईट नाहीत, दर वर्षी पंचवीस पोरांचे कपडे त्याच शिवतात. त्यांच्यासाठीच पुढचं.

राक्षसांना काळं करायची गरज नाही. भुवया जाड आणि वर ओढलेल्या, कपाळावर दोन रेघा, डोळ्यांखाली लाल. एवढं पुरतं. चार एलईडी पार, म्हणजे रंग बदलणारे स्टेजचे दिवे, भाड्याने आणलेच आहेत. दोन समोरून, डाव्या-उजव्या बाजूला, डोक्यापेक्षा वर आणि ४५ अंशांत. हे रामाचे. राक्षस आले की ते अगदी मंद करा आणि तिसरा स्टेजच्या पुढच्या कडेला जमिनीवर ठेवून लाल किंवा हिरवा लावा, पोरांपासून चार-पाच फूट लांब, वीस-तीस टक्क्यांवर, पुढे बटर पेपर लावून, म्हणजे डोळ्यांवर तिरीप येणार नाही. तिथे हॅलोजन असेल तर बटर पेपर लावू नका, पेटेल. चौथा मागून, उंचावरून, निळा. आणि अंधार करताना खटकन बंद करू नका, पहिल्या रांगेतली छोटी रडतात. सहा-सात सेकंदांत हळूहळू उतरवा.

सावळ्या पोरांवर हिरवा थेट टाकू नका, चेहरा राखाडी दिसतो. समोरून उजेड वाढवूनही उपयोग नसतो, मागची भिंत पांढरी पडते आणि चेहरा तसाच राहतो. दोन्ही बाजूंनी कोमट पिवळा द्या, पावडर कमी मारा. गालाच्या हाडावर, नाकाच्या शेंड्यावर जी चकाकी येते ना, ती गोऱ्या चेहऱ्यावर पैसे देऊन आणावी लागते.

त्या पोराला राम करा असं मी म्हणणार नाही. विचारलं त्याला. त्याला मारीचच व्हायचंय, कारण उड्या मारायला मिळतात. मग दुसऱ्या प्रवेशात हरणाचं सोनेरी कापड त्याच्याच अंगावर येणार. ते अजून आणलेलं नाही. मेनरोडला मिळेल, दोन मीटर पुरे.