जुनी रायफल हमखास वाया घालवण्याची रीत

जुनी पॉइंट टू-टू (०.२२ इंची) रिमफायर रायफल, म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या कडेवर मार बसून बार होणारी, हाती आली आहे. चाप ओढला तर नुसता खट् आवाज येतो, किंवा बार होतो पण रिकामं टरफल चेंबरमध्येच, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेतच, अडकून बसतं. दुरुस्त करायची की मोडीत काढायची? हा निर्णय सगळा खर्च करून झाल्यावर घ्यावा. आधीच घेतला तर खर्च कशावर करणार?

सुरुवात पॉलिश पेपरने करा. नळीत डोकावू नका, ते निराश माणसांचं काम. जुनं तपकिरी पडलेलं ब्लूइंग (पोलादावरचा निळसर काळा मुलामा) घासून काढा, रिसीव्हरच्या (बोल्ट आणि चाप सामावणाऱ्या मधल्या सांगाड्याच्या) धारदार कडा गोल करा, कारखान्याची अक्षरं पुसट होईपर्यंत थांबू नका. संग्राहक मूळ फिनिशसाठीच पैसे मोजतो, तेव्हा ते आधी गेलेलं बरं. घासता घासता रायफलीचा कारखान्याने कोरलेला ओळख-नंबर पुसला गेला तर निर्णयाची कटकटच मिटली, पुढचं पोलीस बघतील. अमेरिकेत १९६८च्या बंदूक कायद्याआधी बनलेल्या कित्येक स्वस्त पॉइंट टू-टू रायफलींवर नंबर मुळातच नसतो. आमच्यावरही नव्हता, असं सांगून बघा. घासल्याच्या ताज्या खुणा ते बघणार नाहीत, अशी आशा ठेवा.

नळीत डोकावल्याशिवाय ज्यांना राहवतच नाही ते काय करतात? रायफल रिकामी आहे याची आधी खात्री करतात (यात चेष्टा नाही; मॅगझिनच्या नळीत एखादं काडतूस वर्षानुवर्षं अडकून राहू शकतं), बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा) काढतात आणि नळीच्या तोंडाशी दिवा धरून चेंबरकडून आत बघतात. १९२०च्या दशकाच्या अखेरीपर्यंतच्या बहुतेक काडतुसांच्या प्रायमरमध्ये (मार बसताच पेटणाऱ्या मसाल्यात) पोटॅशियम क्लोरेट असायचं. बारानंतर त्याचा क्षार नळीत राहतो, ओल धरतो आणि पोलादाला खड्डे पाडतो. पण खड्डे दिसले म्हणून रायफल मेली असं नाही. साचलेलं शिसं नीट काढलं की अशा नळ्याही पन्नास मीटरवर बऱ्यापैकी मारतात. खरं भ्यायचं ते आतल्या काळ्या कड्याला. गोळी नळीत अडकलेली असताना मागून दुसरी झाडली की तिथे नळी फुगते, आणि ते कडं उरतं. अशी नळी ड्रिलने पोखरून आत नवी खाचांची नळी बसवता येते आणि चेंबर नव्याने कापता येतं, पण त्याचं बिल बहुतेकदा रायफलीच्या किमतीपेक्षा मोठं येतं. नाकापेक्षा मोती जड. एवढं सगळं आधीच कळलं तर पॉलिश पेपरचा उत्साह राहील का?

टरफल अडकत असेल तर दोष एक्स्ट्रॅक्टरचाच (टरफल बाहेर ओढणाऱ्या आकड्याचाच) धरा आणि कानस घ्या. चेंबरच्या तोंडाची कड बघू नका. रिमफायरमध्ये फायरिंग पिन काडतुसाच्या बुडाची कड चेंबरच्या कडेवर चेपते. काडतूस नसताना चाप ओढत राहिलं तर बऱ्याच जुन्या बनावटींत पिन थेट चेंबरवर आपटते. तिथे टाचणीच्या डोक्याएवढा खोलगटा पडतो आणि दबलेलं पोलाद चेंबरमध्ये कुसासारखं पुढे येतं. काडतूस त्यावर खरडत जातं, फुगलेलं टरफल त्याच्यामागे अडकतं. चेंबर आयर्न नावाची कडक, निमुळती, गुळगुळीत सळई आत दाबून ते पोलाद मूळ जागी सरकवता येतं. कुशल हाताला काही मिनिटं पुरतात, म्हणून हा उपाय टाळा. ड्रिलने चेंबर जरा मोठं करा. मग टरफल फुगून फाटेल, गरम वायू मागे डोळ्याकडे येईल, आणि ‘ही रायफल बादच होती’ हे सिद्ध होईल.

बार होत नसेल तर स्प्रिंग ओढून लांब करा. फुसक्या काडतुसाच्या कडेवरची खूण तपासण्यात वेळ कशाला? खूण उथळ असेल तर स्प्रिंग थकलेली, पिनचं टोक झिजलेलं किंवा बोल्टमध्ये जुनं तेल गोंदासारखं घट्ट झालेलं. खूण खोल असेल तर रायफल निर्दोष आणि काडतूसच फुसकं. उथळ खुणेमागे कदाचित हेडस्पेसही, म्हणजे बंद बोल्ट आणि काडतुसाची कड टेकते ती जागा यांतलं अंतरही, वाढलेला असेल. तो साधारण ०.०४३ ते ०.०५२ इंच, म्हणजे १.०९ ते १.३२ मिलिमीटर लागतो. जास्त झाला तर पिनचा मार काडतूस पुढे सरकवण्यात वाया जातो आणि आधार सुटलेली कड फुटू शकते. मोजायला गेज लागतो. तुमच्याकडे अंदाज आहे.

काडतूस कोणतं, हे नळीवर लिहिलेलं असतं. वाचू नका. विंचेस्टर १८९० ही रायफल शॉर्ट, लाँग, लाँग रायफल आणि डब्ल्यूआरएफ (विंचेस्टर रिमफायर) अशा नावांच्या काडतुसांसाठी वेगवेगळ्या चेंबरांत विकली गेली, एका रायफलीला एकच काडतूस. डब्ल्यूआरएफच्या रुंद चेंबरमध्ये लाँग रायफल आरामात जातं आणि तितक्याच आरामात फाटतं.

सुटे भाग शोधताना नळीवरच्या दुकानाच्या नावानेच शोधा. मोठमोठी दुकानं कारखान्यांकडून रायफली बनवून घेऊन आपलं नाव छापत. सिअर्स या अमेरिकी दुकानाच्या जे. सी. हिगिन्स नावाच्या रायफली मार्लिन, हाय स्टँडर्ड अशा कारखान्यांतून आल्या. मूळ कारखान्याचं मॉडेल ओळखलं तर एक्स्ट्रॅक्टर मिळण्याची भीती असते. दुकानाच्या नावाने मात्र ‘भाग मिळत नाहीत’ हा निष्कर्ष दहा मिनिटांत निघतो.

दस्ता मानेशी तडकला असेल तर खिळा ठोका. तेल मुरलेलं लाकूड अ‍ॅसिटोन आणि खडूच्या पुडीने कोरडं करून मग इपॉक्सी भरायचं, ही हळव्या लोकांची पद्धत.

शेवटी मोडीत काढायचं ठरलंच, तर अख्खी वजनावर द्या. बऱ्याच देशांत कायदा मोडक्या रिसीव्हरलाही बंदूकच मानतो आणि परवाना कार्यालयात नोंद करूनच तो निकामी करावा लागतो, पण विचारायला गेलं की ते कागद मागतात. आणि बोल्ट, नेम धरायच्या साइट, मॅगझिन, स्क्रू वेगळे काढू नका. कुणाकडे तरी त्याच मॉडेलची, उत्तम नळीची रायफल बोल्टवाचून पडलेली असते. त्यालाही निर्णय घ्यायचाच आहे.