ओटीपी कुणाला सांगू नका म्हणे!

आमचे काका गोव्यात साखळीला असतात. 38 वर्षं मास्तरकी केली. काचबिंदूने दृष्टी गेली, पण माणूस स्वस्थ बसणारा नव्हे. फोनवर टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारी सोय, शिकले. आता व्हॉट्सअ‍ॅपवर आमच्या शुद्धलेखनाच्या चुका काढतात. (नुसतं ऐकून ऱ्हस्व-दीर्घ कसं कळतं, ते त्यांनाच ठाऊक.)

गेल्या महिन्यात त्यांना एका सरकारी पोर्टलवर अर्ज भरायचा होता. मी शेजारी बसलो, मुद्दाम हात लावला नाही. फोन बोलू लागला, "अनलेबल्ड, बटन." काकांनी बोट पुढे सरकवलं. "अनलेबल्ड, बटन." अशी ओळीने सात. त्यात 'जमा करा' कुठलं आणि 'रद्द करा' कुठलं? माहितीपत्रक उघडलं, तर शिक्का मारलेला कागद तिरका स्कॅन करून चढवलेला. फोनच्या लेखी तो फोटो, वाचणार काय? दुसऱ्या फाइलमध्ये मराठी मजकूर होता, पण जुन्या फॉन्टातला. आपल्याला देवनागरी दिसते, आत मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. फोन तीच घडाघडा वाचत सुटला. काका म्हणाले, "अरे, हा कुठला मंत्र?" शेवटी कॅप्चा, म्हणजे चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखून लिहायची. ऐकायची सोय नाही. तोवर वेळ संपली आणि पान पहिल्यापासून.

कार्यालयात गेलो, तर उत्तर मिळालं, "कुणाला तरी बरोबर आणा, तो भरून देईल."

म्हणजे नेहमीचंच. मी नसतो तेव्हा काका झेरॉक्सच्या दुकानात जातात. तिथल्या पोराला आधार नंबर, बँक खातं, सगळं सांगतात, आणि शेवटी ओटीपीही. एकीकडे सरकार फोनवर बजावतं की ओटीपी कुणालाही सांगू नका, आणि दुसरीकडे सरकारचंच पोर्टल तो सांगायला भाग पाडतं. फसवणूक झाली, तर वर ऐकवणार, "तुम्हीच दिलात ना?"

कायदा नाही असं नाही. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा आहे. सरकारी संकेतस्थळं कशी असावीत याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तर 2009 पासूनची. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांनाही सगळं वापरता यावं यासाठीचे, नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत. एप्रिल 2025 मध्ये त्याच न्यायालयाने केवायसीच्या, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याच्या, प्रकरणात, जिथे अ‍ॅसिड हल्ल्यातल्या पीडितांना कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटायला सांगत होते, डिजिटल सेवा मिळणं हा कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

आणि आमच्याकडे काय? पानाच्या वरच्या कोपऱ्यात 'अ+' आणि 'अ-' बसवलं की झालं पोर्टल सुगम्य! वृंदावन बांधून रंगवलं, तुळस लावायची राहिली. ज्याला मुळी दिसतच नाही, त्याने अक्षर मोठं करून काय करायचं?

पणजीत 2023 पासून पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव भरतो, याचा मला गोंयकार म्हणून खरंच अभिमान आहे. म्हणूनच हे जास्त टोचतं. बटनाला नाव देणं म्हणजे कोडची एखादी ओळ. मूळ फाइल तशीच चढवली, तर स्कॅन करायचे कष्टही वाचतात. माझं म्हणणं एवढंच, की ठेकेदाराचं बिल पास करण्याआधी एखाद्या अंध माणसाला खुर्चीत बसवा आणि त्याच्याकडून एक अर्ज भरून घ्या. भरता आला, तर द्या पैसे.

काका तयार आहेत. म्हणतात, कदंबची बस धरून पणजीला येईन, चहा मात्र त्यांनी पाजायचा.