‘जीसीसीचा आकडा बघा आणि पुढे चला’ हे कुठे कुठे फसतं

बिल्ड स्क्रिप्टबद्दल, म्हणजे कोडपासून प्रोग्राम बनवून घेणाऱ्या स्क्रिप्टबद्दल, एक सल्ला कायम फिरत असतो (जीसीसी हा एक कम्पायलर, म्हणजे कोडचा चालवता येईल असा प्रोग्राम करणारं साधन): ‘कम्पायलर तपासायला एक ओळ पुरे. जीसीसीला व्हर्जन विचारा, पहिल्या ओळीतला शेवटचा शब्द उचला. आकडा हवा त्यापेक्षा मोठा असला की झालं, नव्या कम्पायलरमध्ये सगळं असतंच.’ ज्याने हे लिहिलं त्याच्या मशीनवर ते चालतही असणार.

‘शेवटचा शब्द म्हणजे व्हर्जन.’ उबुंटू या लिनक्सवर ती ओळ खरंच ‘9.4.0’सारख्या आकड्याने संपते. सेंटओएस 7 या दुसऱ्या लिनक्सवर मात्र असं येतं: ‘जीसीसी (जीसीसी) 4.8.5 20150623 (रेड हॅट 4.8.5-44)’. हातात पडतं ‘4.8.5-44)’, कंसासकट! यावर ‘मग डम्पव्हर्जन वापरा’ म्हणणारे भेटतात; हा जीसीसीचा फक्त व्हर्जन छापणारा पर्याय. जीसीसी 7 पासून बऱ्याच डिस्ट्रोंमध्ये (उबुंटूसारख्या लिनक्सच्या तयार संचांमध्ये) तो पर्याय नुसता ‘7’ छापतो. पूर्ण आकडा हवा तर डम्पफुलव्हर्जन, आणि तो पर्याय 7 च्या आधी नव्हताच.

‘आकडा मोठा असला की झालं.’ शेलमध्ये अक्षरं म्हणून तुलना केली तर ‘10’ हा ‘9’पेक्षा लहान ठरतो. जीसीसी 10 आला 2020 मध्ये. याच जातीचा घोळ लिबटूल या लायब्ररी बनवणाऱ्या साधनाने आधी करून दाखवला होता: फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या व्हर्जन 1 साठी लिहिलेला ‘फ्रीबीएसडी1*’ हा नमुना फ्रीबीएसडी 10 लाही लागू पडला आणि शेअर्ड लायब्ररी बनेनाशा झाल्या.

‘जीसीसी कमांड म्हणजे जीसीसी.’ मॅकवर त्या नावाखाली ॲपलचं क्लँग हे वेगळंच कम्पायलर बसलेलं असतं. शिवाय क्लँग कितीही नवं असलं तरी जीसीसीच्या मॅक्रोंमधून (कोडला वाचता येणाऱ्या ठरलेल्या नावांमधून) स्वतःचं व्हर्जन 4.2.1 असंच सांगतं. ॲपलचे आकडे क्लँग ज्यातून आलं त्या मूळ एलएलव्हीएम प्रकल्पाशीही जुळत नाहीत, म्हणून सीमेक हे बिल्डचं साधन ‘ॲपलक्लँग’ वेगळं ओळखतं.

‘नव्यात सगळं असतंच.’ सोय आहे की नाही हे कळायला चार ओळींचा प्रोग्राम कम्पाइल करून बघावा. बिल्डआधी मशीन तपासणारं ऑटोकॉन्फ वर्षानुवर्षं हेच करतं. पण म्हणून ‘व्हर्जन कधीच तपासू नका’ हे दुसरं टोकही मला पटत नाही. जीसीसी 4.8 मध्ये सी++चं रेजेक्स हेडर (मजकुरात नमुने शोधण्याची सोय) होतं, कोड बिनबोभाट कम्पाइल व्हायचा, आणि चालवला की गडबड; ते 4.9 मध्ये सुधारलं. आर्म64 या प्रोसेसरवर तर 5.1 आधीचं जीसीसी कधीकधी स्टॅक पॉइंटरच्या (प्रोग्रामच्या वापरातल्या मेमरीची हद्द दाखवणाऱ्या खुणेच्या) पलीकडची जागा वापरणारा कोड बनवायचं. कम्पाइल करून बघण्याच्या चाचणीत असला बग सापडत नाही. लिनक्स 5.11 ने तिथे सरळ जीसीसीचा किमान आकडाच वाढवला.

कम्पायलरचा आकडा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कसा मिळवतं हे बघण्यासारखं आहे. छापलेल्या मजकुराला त्याची स्क्रिप्ट हातच लावत नाही. काही ओळी प्रीप्रोसेसरमधून (मॅक्रोंच्या जागी त्यांच्या किंमती भरणाऱ्या टप्प्यातून) काढते, आधी ‘क्लँग आहेस का’ विचारते, मग जीसीसीचं. उत्तराचा एकच पूर्णांक करते: 9.4.0 चा 90400, 10.2.0 चा 100200.